वाढदिवसाचे बैल

आई, तुझा पोरगा जिंकला. म्हातारपणी, गुडघे कुरकुरत असताना, साताऱ्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जिंकला आणि हत्यार म्हणशील तर साधी सुई. पलटणीत इतकी वर्षं काढली, सुभेदार होऊन घरी आलो, छातीवर फिती मिरवल्या, पण असा विजय मी पाहिला नव्हता. तू जाऊनही आता जमाना झाला. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयापेक्षा मी आज मोठा आहे, तरी अजून काही चांगलं घडलं की पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटतं. आणि शेवट आधी सांगितला की तू चिडायचीस, 'आरं, मुळापासनं सांग की' म्हणायचीस. तर मुळापासून सांगतो. जरा निवांत बस.

माझी नात, म्हणजे तुझी पणती, जन्मल्यापासून आपल्या गावात, माझ्या धोतराचा सोगा धरून वाढली. तिचे आईबाप दोघंही नोकरीवाले, रोज इस्लामपूरला जाऊन-येऊन करायचे, त्यामुळे पोरगी दिवसभर माझ्याच ताब्यात. सकाळी उठली की गोठ्यात. बैलाच्या पुढ्यात बसून त्याच्याशी गप्पा मारायची, त्याला शाळा शिकवायची, आणि बैल ऐकायचा बरं का! पोरीच्या तोंडाचा नुसता पट्टा. मग गेल्या पावसाळ्यात लेकाला साताऱ्याला बदली मिळाली, त्यानं तिथं फ्लॅट घेतला, पोरीला इंग्रजी शाळेत घातलं. दिवाळीनंतर मी राहायला गेलो तर पोरगी गॅलरीत बसलेली. खाली इमारतीची पोरं खेळत होती, आणि ही गजांतून बघत होती. म्हटलं, "जा की गं खाली." तर म्हणाली, "नको आबा. मी बोलले की हसत्यात." मी म्हटलं, काय बोललीस म्हणून हसतात? तर म्हणे, "मी हाय म्हणते, न्हाई म्हणते, म्हणून." वर्गात तिनं बोलणंच सोडून दिलं होतं. बाईंनी लेकाला बोलावून विचारलं होतं, मुलीला ऐकायला नीट येतं ना? ऐकायला! आई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग काढायचा कुणावर? सात-आठ वर्षांच्या पोरांना काय मी परेड ग्राऊंडवर उभं करणार होतो?

त्याच मुक्कामात वाढदिवसाचा विषय निघाला. सूनबाई सांगलीची, शहरात वाढलेली, हौशी. ती म्हणाली, सगळ्या इमारतीला बोलवू, वर्गातल्यांना बोलवू, केक आणू. पोरगी ताटातली भाकरी चिवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वाढदिवस नको. कुणी येणार न्हाई." एवढंच. रडली नाही, हट्ट केला नाही, एखादा मोठा माणूस हिशेब सांगतो तसं सांगितलं. तेव्हा मी मनात म्हटलं, येत कशी नाहीत बघतो. पण बघणार कसं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तुला सांगायला पाहिजे, आता वाढदिवसाची रीत बदलली. पोरं भेट घेऊन येतात आणि जाताना त्यांनाही काहीतरी द्यावं लागतं. त्याला रिटर्न गिफ्ट म्हणतात. परतीचा आहेर म्हण. सूनबाई म्हणाली, कंपासपेट्या आणू नाहीतर पाण्याच्या बाटल्या. मी म्हटलं, "ते मी बघतो. मी शिवतो." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी विमान चालवतो म्हणालो. "काय शिवणार, आबा?" मी म्हटलं, "बैल. कापडाचे. पोटात कापूस भरून, शिंगांना गोंडे लावून." बिचारी लय समजूतदार, नाही म्हणवेना तिला. हळूच म्हणाली, "आबा, हल्लीच्या मुलांना युनिकॉर्न लागतो." ते काय असतं विचारलं तर तिनं मोबाईलवर चित्र दाखवलं. घोडा, आणि कपाळाला एकच शिंग. मी म्हटलं, "अगं, हे तर मोडक्या शिंगाचं जनावर. बाजारात निम्म्या किमतीला देतील. आपण दोन्ही शिंगांचं देऊ." लेक ठसका लागेपर्यंत हसला. पोरगी मात्र हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "आबा, खिल्लारी करणार?" म्हटलं, "खिल्लारीच."

आता तू म्हणशील, तुला शिवायला कुठं जमणार. जमतं की! कुणी शिकवलं? तुला मुलगी नव्हती आणि डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती, म्हणून सुईत दोरा ओवायला तू मला धरायचीस. मला दिसतंय अजून. सोप्यात वाकळ अंथरलेली आहे, तू एका कडेला, मी दुसऱ्या कडेला, आणि आप्पा बाहेरून येतात, पायताण काढता काढता म्हणतात, "पोराला बायकांची कामं शिकीवतीस व्हय?" तू मान वर न करता म्हणतेस, "आवं, सुईला काय ठावं, धरणारा बाप्या हाय का बाई?" आप्पा पायताण कोपऱ्यात सारून आत जातात. मी एकदा कंटाळून लांब लांब टाके घातले होते. खेळायला पळायचं होतं मला. तू वाकळ उचललीस, उजेडाला धरलीस आणि म्हणालीस, "आरं पोरा, ह्या टाक्यातनं म्हस पळून जाईल की!" आणि कडेपर्यंतचा सगळा धावदोरा उसवून टाकलास. मी रडलो. तू गुळाचा खडा दिलास आणि परत सुई हातात दिलीस. पुढं पलटणीत माझ्या वर्दीचं बटण कधी तुटलं नाही, आणि अर्ध्या बराकीची बटणं मीच लावायचो. पंजाबचे, गढवालचे धिप्पाड गडी माझ्यासमोर शर्ट काढून रांगेत उभे राहायचे. हे मी गावात कधी सांगितलं नव्हतं, लोक हसतील म्हणून नव्हे, कुणी विचारलंच नाही म्हणून.

गावी परत आलो आणि सांगलीला जाऊन कापड घेतलं. अंगाला पांढरा मांजरपाट, झुलीला लाल-हिरवे-पिवळे तुकडे, शिंगांना काळं कापड, आणि पोटात भरायला कापूस. दुकानदार म्हणाला, "आजोबा, घरी कोण शिवतंय?" मी म्हटलं, "तुमच्यासमोर उभा आहे तो." त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मिशी बघून कापड मोजायला लागला. मग रोज दुपारी ओट्यावर बसून शिवायला लागलो. पहिला बैल डुकरासारखा झाला. दुसरा बरा, पण त्याची मान एका बाजूला गेली. तिसऱ्याला मात्र वशिंड असं काही उठून आलं की मी स्वतःच त्याच्या पाठीवर थाप मारली. गावानं करमणूक करून घेतली, ते सांगायलाच नको. माझा शाळासोबती, तुला आठवत असेल, आपल्या झाडाच्या कैऱ्या चोरायचा तो, आता दात पडलेत पण जीभ तशीच. ओट्यासमोर थांबला आणि म्हणाला, "काय सुभेदार, बैल शिवायला लागला व्हय? मग नांगर कवा शिवणार?" मी दोरा दातानं तोडला आणि म्हटलं, "तुझं तोंड शिवून झालं की." गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण त्यातल्याच एकीनं दुसऱ्या दिवशी गोंड्यांसाठी लोकर आणून दिली हो!

आणि आता ती गोष्ट येते. वाकळ पुरी झाली की शेवटचं टोक शिवण्याआधी तू आत भाकरीचा कुटका ठेवायचीस. वाकळ उपाशी ठेवू नये, उपाशी वाकळ ऊब देत नाही, असं म्हणायचीस. मी विचार केला, वाकळेला घास लागतो तर बैलाला नको का? बैलाला उपाशी कामाला जुंपणारा माणूस मी नव्हे. पण भाकरीचा कुटका वाळून खडखडायचा, म्हणून मी प्रत्येक बैलाच्या पोटात आपल्या रानातले शेंगदाणे घातले. नव्या सुगीचे, टपोरे. हात सढळ, तुझाच. मग पोटं शिवली, सगळे बैल एका पिशवीत भरले आणि पिशवी ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत खुंटीला लावून ठेवली. आई, हसू नकोस. तुला कळलं असेल पुढं काय झालं, पण मला नव्हतं कळलं. ज्वारीची खोली, खुंटीला पिशवी, पिशवीत शेंगदाणे. आणि हे सगळं ठेवणारा शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवण्यात उभी हयात घालवलेला सुभेदार!

वाढदिवस रविवारचा. मी शुक्रवारी सकाळी पिशवी उचलली, आत न बघता, आणि एसटीनं निघालो. पिशवी मांडीवर घेऊन कराडपर्यंत डुलक्या काढल्या. साताऱ्यात पोचलो, जिने चढलो, दार उघडंच होतं. पोरगी शाळेतून आली होती, येऊन बिलगली. सूनबाईनं सुट्टीच टाकली होती. ती म्हणाली, "दाखवा की आबा, बैल!" आणि तिनंच पिशवीत हात घालून एक बाहेर काढला. त्याच्या पोटाला हे एवढं भोक. दुसरा काढला, त्याचंही पोट फाडलेलं, कापूस लोंबतोय. तिसरा तसाच. म्हणायला मांजरपाट, पण उंदराला त्याचं काय! मी तोंड उघडून काही बोलणार, तेवढ्यात चौथ्या बैलाच्या पोटातून मिशा बाहेर आल्या. सूनबाईनं अशी किंकाळी फोडली की खालचा वॉचमन शिट्टी मारायला लागला. पिटुकला उंदीर, आमच्या गावापासून बिनतिकीट आलेला, तिच्या हातावरून सोफ्यावर, सोफ्यावरून खाली आणि उघड्या दारातून जिन्यावर. पण त्या क्षणी मला उंदराचं काही वाटलं नाही. मी पोरीकडं पाहिलं. मी तिला शब्द दिला होता, आणि माझा शब्द पोटं फुटून जमिनीवर पडला होता. वाटलं, आता हिच्या वाढदिवसाला उरलीसुरली शोभाही गेली.

पण पोरगी जाग्यावर होतीच कुठं? किंकाळी ऐकून खालची सगळी पोरं धावत वर आली होती, काही दुसऱ्या मजल्यावर किंचाळत होती, काही कठड्यावर चढली होती, आणि उंदीर मधल्या वळणावर बुटांच्या मांडणीखाली दडलेला. पोरगी पिशवी झटकून ती घेऊन खाली गेली. ती काय करते बघायला मी कठड्यावरून वाकलो. तिनं सगळ्यांना एक हात वर करून थांबवलं. महिनोन् महिने ज्या पोरांसमोर तिनं तोंड उघडलं नव्हतं त्यांना खणखणीत आवाजात म्हणाली, "कुणी पळू नगा! त्यो भिंतीकडनंच जातोय. तुमी तिकडनं पाय आपटा, हळू." आणि स्वतः भिंतीला लागून पिशवीचं तोंड उघडं धरून उकिडवी बसली. पिशवीला शेंगदाण्याचा वास होताच. पोरांनी पाय आपटले, उंदीर भिंतीच्या कडेनं सुर्रकन आला आणि सरळ पिशवीत. तिनं तोंड पिळलं, उभी राहिली. पिशवीत खुडबुड चालू होती. मग एक चष्मेवाली मुलगी, तिच्याच वर्गातली, म्हणाली, "तुला भीती नाही वाटत?" पोरगी म्हणाली, "उंदराला कशाला भ्यायचं? मी तर तुमालाच भिते."

आई, मी तोफांचे आवाज ऐकलेत. पण असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. पोरांनाही ते लागलं. लहान असतात गं, पण दगड नसतात. मग एक लठ्ठसा मुलगा, हसण्यात तोच पुढं असायचा हे मला नंतर कळलं, खाली बघत म्हणाला, "आम्ही काय करणारे तुला?" आणि जरा थांबून, "मला पकडू देशील पिशवी?" तिनं दिली. त्यानं दोन्ही हातांनी, देवाची पालखी धरावी तशी धरली. सगळी वरात जिना उतरून इमारतीमागच्या मोकळ्या रानात गेली, उंदराला सोडून आली, आणि येताना सगळीच्या सगळी आमच्या घरात शिरली. फाटके बैल फरशीवर पडलेले. "हे काय आहे?" "हे आबांनी शिवलंय? आबांनी?" "याच्या पोटात काय होतं?" मी वाकळेच्या घासाची रीत सांगितली. कुणी हसलं नाही. चष्मेवाली म्हणाली, "म्हणजे उंदरानं यांचा डबा खाल्ला." मग अशी काही हसली सगळी, आणि त्या हसण्यात आमची पोरगी होती, सगळ्यात मोठ्यांदा.

दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी पोरं परत आली. मी काही आवतण दिलं नव्हतं. म्हणाली, आम्ही ठिगळं लावतो. झालं, माझ्यातला सुभेदार जागा झाला. दोन रांगा, पाठ ताठ, दोरा ओवा, टोकाला गाठ, आणि सुई टोचली की ओरडायचं नाही, बोट चोखायचं. प्रत्येकानं आपापला बैल निवडला, ठिगळाचा रंग निवडला. झुलीचे उरलेले तुकडे मी मध्ये टाकले, त्यावर अशी भांडली की जत्रेतसुद्धा भांडत नाहीत. लठ्ठ्याचा टाका एवढा मोठा की मी बैल उजेडाला धरला आणि म्हटलं, "बाळा, ह्यातनं म्हस पळून जाईल की!" त्यानं स्वतःहून उसवलं. एका मुलीनं पोटात चॉकलेट ठेवायला काढलं, तेव्हा मात्र मी हात धरला. म्हटलं, परत पाहुण्यांना बोलावू नका. या खेपेला बैलाचा घास तुम्हीच खा. आणि गावाहून आणलेले शेंगदाणे सूनबाईनं भाजून दिले, गूळ दिला, पोरांनी परात रिकामी केली. आमची पोरगी मधे फिरत होती. कुणाचा गोंडा बांधून दे, कुणाला वशिंड कशाला म्हणतात ते सांग. "त्येला वशिंड म्हणत्यात. न्हाई गं, कुबड न्हाई, वशिंड!" आणि पोरं म्हणून बघत होती, व-शिं-ड.

रविवारी काय सांगू! बोलावलेली आली, न बोलावलेली आली, शेजारच्या इमारतीतली आली. केकची वाट कुणी बघितली नाही. परतीचा आहेर निघताना द्यायचा असतो म्हणे, तो आधीच द्यावा लागला, कारण प्रत्येकाला आपला ठिगळाचा बैल हवा होता, आणि दुसऱ्याचा चालत नव्हता. मग त्यांनी खाली पार्किंगमध्ये बैलांची मिरवणूक काढली. बेंदराच्या सणाला बैल सजवून कसे मिरवतात ते पोरगी पुढं उभी राहून सांगत होती, ताटली वाजवत होती, आणि मागं सगळी साताऱ्याची इंग्रजी शाळा "हुर्रर्र, चल रं सर्जा!" करत चालली होती. गॅलऱ्यांमधून आयाबाया बघत होत्या. सूनबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आबा, तुम्ही जिंकलात. युनिकॉर्न हरला." मी मिशीला पीळ दिला. दिला म्हणजे दिला, खोटं कशाला बोलू! आठवड्यानं लठ्ठ्याची आई सूनबाईला भेटली आणि तक्रार केली, आमचा मुलगा हल्ली घरी 'न्हाई' म्हणतो. सूनबाईनं मला फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघंही पोट धरधरून हसलो.

परवा गावाहून मीच फोन लावला. संध्याकाळची वेळ होती. म्हटलं, पोरीची चौकशी करावी, शाळेचं विचारावं, बैलाच्या चार गोष्टी सांगाव्यात. तिनं उचलला. धापा टाकत होती. मागं कुणीतरी तिचं नाव घेऊन खालून हाका मारत होतं, एक नव्हे, चार-पाच आवाज. मी म्हटलं, "काय गं, कशी हायस?" तर म्हणाली, "आबा, नंतर बोलते, खाली सगळी थांबल्यात!" आणि ठेवला की फोन. सुभेदाराचा फोन मध्येच ठेवला! आई, बढतीचा हुकूम हातात पडला त्या दिवशीही छाती एवढी फुगली नव्हती. ओट्यावर एकटाच बसून मोठ्यांदा हसलो, तर तो कैऱ्या चोरणारा समोरून म्हणाला, "काय झालं रं, खुळा झालास व्हय?" म्हटलं, "व्हय. झालो."

हे पत्र कुठं टाकायचं नाही. पलटणीतून मी तुला लिहायचो ती पत्रं शाळेतले मास्तर तुला वाचून दाखवायचे, आणि मास्तरांसमोर कसं लिहिणार, म्हणून मी सगळ्यांत 'मी खुशाल आहे, काळजी नसावी' एवढंच लिहिलं. आता मध्ये मास्तर नाहीत, म्हणून तुला एकटीला सांगतो. तिनं फोन ठेवल्यावर मी हसलो, ते खरंच आहे. पण त्याआधी बराच वेळ मी तो बंद फोन तसाच कानाला लावून बसलो होतो.